रस्ता सर्वांचा : सायकल, मोटार आणि शाळेचे प्रवेशद्वार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या मंगल प्रसंगी रस्त्यावरच्या भांडणाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु शाळेची पहिली घंटा होण्यापूर्वीची पंधरा मिनिटे प्रवेशद्वाराशी उभे राहून पाहिले, तर हा विषय शाळेच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे, हे कोणालाही पटेल. मोटारींची दुहेरी रांग लागलेली असते. कर्णे वाजत असतात. त्या रांगेच्या कडेने, अंग चोरून, एखादा सायकलस्वार वाट काढत असतो. कधी तो हातोडी-पक्कडीची पिशवी अडकवून निघालेला कारागीर असतो, कधी रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, तर क्वचित शाळेचाच विद्यार्थी. सायकलीची मूठ मोटारीच्या आरशाला घासते, काच खाली येते आणि जे शब्द उच्चारले जातात ते येथे सांगण्याजोगे नसतात. मागच्या आसनावर बसलेले मूल ते ऐकते, आणि पाचच मिनिटांनी प्रार्थनेच्या रांगेत उभे राहून बंधुभावाची प्रतिज्ञा म्हणते.

हे भांडण कोणाकोणात आहे, याचा शोध घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि त्यासाठी सरोजिनी नगरइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आज सरोजिनी नगर म्हटले की देशभरातल्या लोकांना कपड्यांचा बाजार आठवतो. जुन्या रहिवाशांच्या तोंडी मात्र अजूनही ‘विनयनगर’ हे नाव येते. स्वातंत्र्यानंतर राजधानीचा कारभार वाढला, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली आणि त्यांच्यासाठी दक्षिण दिल्लीत सरकारी निवासस्थानांच्या वसाहती उभ्या राहिल्या. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते, ही गोष्ट दिल्लीकर मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या पुण्याला पुढे अनेक वर्षे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले गेले, त्या पुण्यातून आणि नागपूर, कोल्हापूर, सोलापूरकडून आलेले कितीतरी कारकून, लघुलेखक आणि लेखापाल या वसाहतींत राहू लागले.

त्यांचे वाहन सायकल होते. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास सफदरजंग विमानतळाच्या बाजूने उत्तरेकडे निघालेला सायकलींचा प्रवाह सचिवालयाच्या दिशेने वाहत असे. पाच-सहा किलोमीटरांचा रस्ता, मागच्या कॅरियरला जेवणाचा डबा, पँटच्या पायाला साखळीत अडकू नये म्हणून लावलेली चिमटी. नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकच्या भोवती लावलेल्या सायकलींच्या रांगा त्या काळच्या छायाचित्रांत आजही पाहायला मिळतात. त्या रस्त्यावर मोटारीही होत्या, पण त्या थोड्या होत्या आणि सायकलींच्या थव्यामागे त्यांना सबुरीने चालावे लागे. रस्त्यावर संख्या ज्याची, चाल त्याची, हा नियम तेव्हा सायकलीच्या बाजूने होता.

पुढच्या पिढीने स्कूटर घेतली. तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मग १४ डिसेंबर १९८३ या दिवशी पहिल्या मारुती ८०० मोटारीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकाच्या हाती पडली. मध्यमवर्गाच्या आयुष्यातला तो मोठा दिवस होता. ज्या घरात आजोबा सायकलने कचेरीत गेले, वडील स्कूटरने गेले, त्या घरात नातू मोटार चालवू लागला. हा प्रवास कष्टाचा आणि अभिमानाचा आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि या सभागृहातील बहुतेक कुटुंबांचा तो स्वतःचाच इतिहास आहे.

म्हणूनच रस्त्यावर आज जो सायकलस्वार दिसतो त्याच्याकडे पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. साठ वर्षांपूर्वी हे कुटुंब जेथे होते, तेथे आज तो आहे. तो बिहारमधून, बुंदेलखंडातून, मराठवाड्यातून किंवा उत्तराखंडातून आलेला असेल. भाडे परवडत नाही म्हणून सायकल चालवत असेल, आणि तिच्यावरूनच आपल्या मुलाला शाळेत पोहोचवत असेल. मोटारीतून त्याच्यावर ओरडणारा मनुष्य, काळाचा पडदा दूर केला तर, आपल्या आजोबांवर ओरडत असतो.

सायकलस्वार आता संख्येने नगण्य झाले, असा एक समज आहे. २०११ च्या जनगणनेचे आकडे वेगळे सांगतात. त्या वेळी देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार, जीप किंवा व्हॅन असलेली कुटुंबे ४.७ टक्के होती. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते, तर मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या, हे खरे. तरीही रस्ता दिसताना मोटारींचा दिसतो, याचे कारण मोटार जागा फार व्यापते. एक मोटार उभी करण्याच्या जागेत दहा सायकली सहज मावतात. एका माणसाला घेऊन चाललेल्या मोटारींनी रस्ता भरून गेला की त्यात माणसे किती आहेत, हे मोजायचे कोणाला सुचत नाही. २००६ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने नेमके हेच सूत्र मांडले होते : रस्त्याचे नियोजन वाहनांच्या नव्हे, माणसांच्या ये-जा करण्यासाठी व्हावे.

आता या भांडणातील दोन पक्षांच्या बळाचा विचार करू. नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जेचे सूत्र शिकवले जाते. वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. माणूस आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरले आणि वेग ताशी १५ किलोमीटर. मोटारीचे वजन १,२०० किलो आणि वेग ताशी ६० किलोमीटर. वजन पंधरा पट झाले. वेग चौपट झाला, म्हणजे त्याचा वर्ग सोळा पट. पंधरा गुणिले सोळा : मोटारीची ऊर्जा सायकलस्वाराच्या २४० पट. दोघांकडून एकाच क्षणी सारखीच चूक घडली, तरी एकाच्या चुकीने मोटारीचा रंग खरवडतो आणि दुसऱ्याच्या चुकीने घर उघडे पडते. दोघांनाही नियम सारखे असावेत, पण दोघांची जबाबदारी सारखी असू शकत नाही, ही गोष्ट या साध्या गुणाकारातून निघते. घरातही ज्याच्या हाती विळी आहे त्यानेच रांगत्या मुलाकडे लक्ष ठेवायचे असते.

शाळेपासून दूर नसलेल्या एका चौकात काय घडले, ते या ठिकाणी सांगणे आवश्यक आहे. २० ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या महासंचालक सुनीता नारायण ग्रीन पार्कहून लोधी उद्यानाकडे सायकलने निघाल्या होत्या. एम्सच्या उड्डाणपुलापाशी एका मोटारीने त्यांना धडक दिली. मोटार थांबली नाही. त्यांची हाडे मोडली, चेहऱ्याला इजा झाली. रस्त्याने जाणारी अनोळखी माणसे मात्र थांबली आणि त्यांनी त्यांना एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये पोहोचवले. दिल्लीच्या हवेसाठी आणि सायकलींच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या विदुषीवर ही वेळ आली, म्हणून ती वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. ज्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत, त्यांची संख्या मोठी आहे. सरकारी अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत जवळजवळ ३३ हजार पादचारी आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

एम्सचा तो चौक पाहिला की दोष केवळ माणसांच्या स्वभावाचा नाही, हेही ध्यानात येते. उड्डाणपूल आणि त्याच्या वळणदार वाटा अशा आखलेल्या आहेत की मोटारीला कोठेही सिग्नलपाशी थांबावे लागू नये. डावीकडची मोटार वेग कमी न करता वळते, आणि सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला नेमका तोच प्रवाह छेदून पलीकडे जावे लागते. त्याने कोठून जावे, याचे उत्तर त्या रचनेत नाही. रस्ता आखणाऱ्याने ज्याचा विचारच केला नाही, तो रस्त्यावर आला की अडथळा ठरतो. आणि अडथळ्यावर माणूस चिडतो.

सायकलस्वाराचा विचार करून रस्ता आखण्याचा एक मोठा प्रयत्न दिल्लीत झाला होता. आय. आय. टी. दिल्लीतील वाहतूकतज्ज्ञांच्या आराखड्यावर आधारलेला बीआरटी मार्ग एप्रिल २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरांच्या टप्प्यात सुरू झाला. मधल्या मार्गिका बसना, त्यांच्या बाहेरच्या मोटारींना आणि कडेची स्वतंत्र पट्टी सायकलींना, अशी ती वाटणी होती. पहिल्याच आठवड्यापासून मोटारचालकांचा रोष उसळला. चिराग दिल्लीच्या चौकात मोटारींच्या लांबच लांब रांगा लागत, आणि शेजारची मार्गिका रिकामी दिसे. बस येऊन पन्नास-साठ माणसांना घेऊन निघून गेली की ती पुन्हा रिकामी दिसे. सायकलींच्या पट्टीत मोटारसायकली शिरू लागल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने हा मार्ग बंद करण्याची मागणी फेटाळली. तरीही २०१५ साली दिल्ली सरकारने तो मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये तो उखडला गेला. त्या मार्गात दोष होते. चौकांतील सिग्नलची व्यवस्था आणि बसथांब्यांपर्यंत पोहोचण्याची वाट यांवरील टीका अगदीच निराधार नव्हती. पण आठ वर्षे चाललेल्या त्या वादात बस आणि मोटार यांचेच नाव सतत ऐकू आले. सायकलींची पट्टी गेली, तिच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. जो सकाळी सहाला घराबाहेर पडून रात्री नऊला परततो, त्याला वृत्तपत्रांत पत्रे लिहायला सवड नसते.

पुण्याची कहाणी फारशी वेगळी नाही. शहरातील जुन्या मंडळींना नगरपालिकेचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसल्यास होणारा दंड आणि डबलसीट पकडणारा पोलीस आठवतो. म्हणजे सायकल ही रस्त्यावरची एक रीतसर नागरिक होती. तिच्याकडून कर घेतला जाई आणि तिला नियमही लावले जात. डिसेंबर २००६ मध्ये तेथेही सातारा रस्त्यावर बीआरटी आली, सोबत सायकलमार्ग आले. त्यांपैकी अनेक ठिकाणी पुढे वाहने उभी राहिली, टपऱ्या थाटल्या गेल्या. मार्ग आखून पुरत नाही; त्यावरचा हक्क शेजाऱ्यांनीही मान्य करावा लागतो, हे या दोन्ही शहरांनी दाखवून दिले.

एवढे सांगून सायकलस्वारांच्या चुकांवर पांघरूण घालणे योग्य होणार नाही. मोटारचालकांच्या तक्रारींत तथ्य आहे. संध्याकाळी दिव्याविना, मागे लाल परावर्तकही नसलेली सायकल अंधारातून अकस्मात पुढे येते आणि सावधपणे चालवणाऱ्याचेही काळीज धडधडते. उलट दिशेने येणे, सिग्नल न पाळणे, कानात तारा घालून चालवणे हे अपराधच आहेत, आणि त्यांची पहिली शिक्षा सायकलस्वारालाच मिळते. उलट दिशेने येणाऱ्याला विचारले तर तो सांगतो की दुभाजक ओलांडून वळण्याची जागा दीड किलोमीटर पुढे आहे. मोटारीला दीड किलोमीटर म्हणजे दोन-तीन मिनिटे. मे महिन्याच्या दिल्लीतील उन्हात पाठीवर ओझे घेऊन पायडल मारणाऱ्याला तो हिशेब निराळा पडतो. त्याचे कारण समजून घ्यावे, पण कृतीचे समर्थन करू नये, आणि शाळेतील मुलांना तर दिवा, घंटी, ब्रेक आणि डावी बाजू हे चार नियम पाढ्यांसारखे पाठ असावेत.

आता वळू प्रवेशद्वाराकडे. मुलाला सायकलने शाळेत का पाठवत नाही, असे पालकांना विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : “मोटारी फार आहेत, भीती वाटते.” भीती रास्त आहे. पण त्या भीतीपोटी प्रत्येक पालक आणखी एक मोटार घेऊन त्याच रस्त्यावर येतो, आणि उद्या दुसऱ्या पालकाची भीती वाढवतो. हे चक्र कोठेतरी थांबवावे लागेल, आणि ते थांबवण्याचे सामर्थ्य सरकारपेक्षा आधी पालकांकडे आहे.

याला एक मोठा दाखला आहे. आज नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. परंतु १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. शाळेत सायकलने जाणारी एका पत्रकाराची लहान मुलगी मोटारीच्या धडकेत गेली. त्याने लेख लिहिला. पालक एकत्र आले, आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा कठोर नावाची चळवळ उभी राहिली. रस्ते अडवून मुलांना तेथे खेळू देणाऱ्या त्या आईबापांमुळे आणि १९७३ च्या तेलटंचाईमुळे त्या देशाने रस्त्यांची आखणी बदलली. सायकल त्यांच्या रक्तात होती म्हणून हे झाले नाही. मुले गमावलेल्या पालकांनी हट्ट धरला म्हणून झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही हेच आले : जेथे माणसे आणि वाहने वारंवार एकत्र येतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी. शाळेच्या परिसराइतकी ही अट दुसऱ्या कोणत्या जागेला लागू पडेल?

हीरक महोत्सवात इमारतीसाठी, ग्रंथालयासाठी आणि प्रयोगशाळेसाठी आवाहने होतात, आणि दाते उदारपणे पुढेही येतात. या निमित्ताने तीन मागण्या अशा, ज्यांना पैसा जवळजवळ लागत नाही.

पहिली, शाळेच्या प्रवेशद्वारापासून दोनशे पावलांच्या आत मोटार आणू नये. मुलांना तेथे उतरवून चालत येऊ द्यावे. दोनशे पावले चालल्याने कोणाचे मूल थकत नाही, आणि प्रवेशद्वारासमोरचा रस्ता सायकलींना व पायी येणाऱ्यांना मोकळा होतो.

दुसरी, एकाच वसाहतीतून येणाऱ्या मुलांचे सायकलींचे जथे करावेत आणि त्यांच्यासोबत आळीपाळीने एक पालक किंवा माजी विद्यार्थी असावा. एकटी सायकल मोटारचालकाला दिसत नाही. दहा सायकली दिसतात. साठ वर्षांपूर्वी सचिवालयाच्या वाटेवर आजोबांच्या पिढीचे रक्षण याच गोष्टीने केले होते.

तिसरी मागणी सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत कठीण आहे. मोटारीत मूल बसलेले असताना सायकलस्वाराला अपशब्द बोलू नये. त्याच्या मागे असताना कर्णा वाजवण्याऐवजी क्षणभर थांबावे आणि पुढे जाताना हातभर जास्त जागा सोडावी. आणि कोणी पडलेला दिसला तर थांबावे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने, जखमीला मदत करणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून संरक्षण दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीचे कारण आता उरलेले नाही.

सरोजिनी नगरची जुनी दुमजली निवासस्थाने आज पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ज्या झाडांच्या सावलीतून सायकली जात, त्यांतील कित्येक झाडांसाठी २०१८ साली रहिवाशांना रस्त्यावर यावे लागले आणि उच्च न्यायालयात जावे लागले. नव्या इमारती बांधणारे गवंडी आणि मजूर त्याच रस्त्यांनी सायकलवरून कामाला येतात. त्यांच्यापैकी कोणाचे मूल उद्या एखाद्या चांगल्या शाळेत शिकेल, कचेरीत लागेल आणि कधीतरी मोटारही घेईल. तोपर्यंत त्या मुलाचा बाप रोज संध्याकाळी धडधाकट घरी परतला पाहिजे.

त्याला घरी पोहोचू देण्याइतकी वाट मोकळी ठेवणे, हे या शाळेच्या साठ वर्षांच्या शिक्षणाकडून अपेक्षिणे फार नाही. पुढच्या सोमवारी, पहिल्या घंटेपूर्वीच्या पंधरा मिनिटांत, त्याची सुरुवात व्हावी.